सहीपुरता बाप

मराठी माणसाचं पूर्ण नाव लिहायला घेतलं की मधोमध वडील येतात. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाची पत्रिका, सगळीकडे. आता त्याच वडिलांना विचारून बघा: बाळाला शेवटचं इंजेक्शन कधी दिलं? ताप चढला तर औषध किती मिली द्यायचं? बालवाडीतल्या बाईंचं नाव काय? बऱ्याच घरांत उत्तर येतं, "थांबा, हिला विचारून सांगतो."

यात बापाचा आळस किती, हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न आहे. पण कायदा, नोकरीचे नियम आणि आपले रिवाज यांनी बापाला तिथे कसं नेऊन बसवलं, हे समजून घेण्यासारखं आहे. वडिलांच्या भूमिकेचा आदर करा असं आपण म्हणतो तेव्हा नेमक्या कोणत्या भूमिकेचा? आपली व्यवस्था बापाला मान भरपूर देते, काम मात्र देत नाही. आणि काम नसलेला मान संसार बिघडल्यावर त्याच्याच अंगाशी येतो.

कायद्यापासून सुरुवात करू. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं कलम ६ सांगतं की मुलाचे किंवा अविवाहित मुलीचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि त्यांच्यानंतर आई. त्याच कलमाला एक शेपूट जोडलेलं आहे: पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. इथे पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा, सही करण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहतं, कोण त्याला जेवू घालतं. दोन्ही वाक्यं एका दमात वाचली की कायद्याच्या डोळ्यांपुढचं घर दिसतं. सही बापाची, दुपटी आईची.

या कलमावरून दोन खटले गाजले. पहिला विदर्भातला, कुळकायद्याच्या वादातून निघालेला. जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान या प्रकरणात नवरा-बायको वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते, आणि मुलीचा सगळा कारभार आई बघत होती. मग मुलीच्या जमिनीबाबत आईने केलेला व्यवहार खरा धरायचा की नाही? बाप तर हयात होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सांगितलं की हयात असूनही जो बाप मुलीच्या कारभारात लक्षच घालत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. अशा वेळी आई हीच नैसर्गिक पालक.

दुसरा खटला लेखिका गीता हरिहरन यांचा. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या पतीने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला. पालक म्हणून आईची सही होती, पतीची त्याला लेखी संमती होती. तरी बँक म्हणाली, वडिलांची सही आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला फेब्रुवारी १९९९मध्ये. कलम ६मधल्या 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' एवढाच घ्यायचा नाही, 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा घ्यायचा. आणि अनुपस्थिती म्हणजे केवळ परगावी असणं नव्हे. मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करणारा बापही अनुपस्थित, किंवा आपसांतल्या समजुतीने सगळं आईवर सोपवलेला बापही.

हे दोन्ही निकाल स्त्रियांच्या हक्कांचे म्हणून वाचले जातात, आणि ते तसे आहेतच. पण मला त्यांत बापाबद्दलही काही दिसतं. न्यायालयाने बापपण नावावरून काढून हजेरीवर नेलं. तू बाप आहेस म्हणून पालक, एवढं पुरेसं नाही. तू आहेस कुठे, ते सांग. कायदा मात्र आहे तिथेच राहिला. विधी आयोगाने मे २०१५मध्ये आपल्या २५७व्या अहवालात आई-वडिलांना समान नैसर्गिक पालक माना आणि संयुक्त ताब्याची कायद्यात सोय करा, अशी शिफारस केली. कलम ६ची भाषा अजून तीच आहे. महाराष्ट्राने नावाच्या बाबतीत एक पाऊल टाकलं. १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या बाळांच्या सरकारी नोंदींत स्वतःच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. मधल्या जागेत बापाला आता सोबत मिळाली. पाळण्यापाशी आईला सोबत मिळायची आहे ती वेगळी.

आणि पाळण्यापाशी बाप पोचतो तरी कधी? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामागे शहाणपण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नव्या आईला स्वतःच्या आईजवळ निवांतपणा मिळतो, हक्काने 'दुखतंय' म्हणता येतं, सासरच्या कामांतून सुटका होते. पण बापाच्या बाजूने हा काळ बघा. बाळ झाल्याचा फोन येतो, तो धावत जातो, दोन दिवस राहतो, नोकरीवर परततो. मग बारशाला सासरची मंडळी बाळंतविडा घेऊन जातात, त्यांत तोही. नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाला न्हाऊ घालायला बाई येते, टाळू भरते, शेक देते, गुटी आजी उगाळते. बाप जावई म्हणून बाहेरच्या खोलीत बसतो, त्याला चहा मिळतो, बाळ दहा मिनिटं मांडीवर मिळतं. जरा रडलं की चार हात पुढे येतात: "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं."

सरकारी वेळापत्रकात बाळाची इंजेक्शनं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. माहेरचा मुक्काम तीन-चार महिन्यांचा झाला तर तिन्ही वेळा बाप तिथे नसतो. ज्या कार्डावर त्यांची नोंद होते त्याचं नावही माता-बाल संरक्षण कार्ड. आई बाळ घेऊन घरी येते तोवर तिला रडण्याचे चार प्रकार ओळखू यायला लागलेले असतात आणि बापाला एकही नाही. त्या दिवसापासून घरात एक जण तज्ज्ञ आणि एक जण मदतनीस असे ठरून जातात. पुढे कितीही वर्षं गेली तरी मदतनीस "काय करू सांग" असंच विचारत राहतो, आणि सांगण्याचं कामही तज्ज्ञाच्याच डोक्यावर पडतं. 'नवरा मदत करतो' हे कौतुकाने म्हटलं जातं त्यातली गोम हीच.

आकडे याला दुजोरा देतात. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के. आणि जे ही देखभाल करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. देखभालीत मुलांबरोबर आजारी आणि म्हातारी माणसंही धरलेली आहेत.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. आईची माया उपजत असते, बाप तसा घडलेलाच नसतो. इथे विज्ञान काय म्हणतं ते पाहिलं पाहिजे, कारण गेल्या वीस वर्षांत चित्र बरंच बदललंय. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात सहाशेवर तरुणांच्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली गेली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे मधल्या काळात बाप झाले त्यांची पातळी बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त उतरली होती, आणि रोज तीन तास किंवा अधिक बाळाचं करणाऱ्यांची पातळी त्याहून कमी होती. बाळ फक्त आईचं शरीर बदलतं असं नाही.

तीन वर्षांनी इस्रायलमधल्या रूथ फेल्डमन यांच्या गटाने ८९ नव्या पालकांच्या मेंदूंची तपासणी केली. त्यांत आया होत्या, मदतीपुरते बाप होते, आणि बाईशिवाय मूल वाढवणारी पुरुष जोडपीही होती. बाळाबद्दल सतत सावध ठेवणारा मेंदूचा जो खोलवरचा भाग आयांमध्ये जागा असतो, तो मुख्य जबाबदारी घेणाऱ्या बापांमध्येही जवळपास तसाच जागा झालेला दिसला. शिवाय, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणाऱ्या भागाशी त्याचा दुवा, बापाने बाळासोबत जास्त वेळ घालवलेला असेल तितका घट्ट. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. बाळाचं करता करता बाप घडतो, आधी घडून मग करायला लागतो असं नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या आका लोकांबद्दल मानववंशशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट यांनी नोंदवलंय की तिथले बाप दिवसाचा ४७ टक्के वेळ बाळापासून हाताच्या अंतरावर असतात. त्यांना कोणी पालकत्वाचं शिबिर दिलेलं नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर वडिलांच्या कौतुकात भलतीकडे जाऊ. बाप नसला तर मूल बिघडतं, असं संशोधन सांगत नाही. केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक यांनी अनेक वर्षं एकट्या आयांची आणि दोन आयांची कुटुंबं अभ्यासली. प्रेम, स्थैर्य आणि पुरेसा पैसा असेल तर तिथली मुलंही व्यवस्थित वाढतात. आपल्याकडे विधवा आयांनी, परित्यक्तांनी, आजी-आजोबांनी वाढवलेली माणसं काही कमी नाहीत. बापाची गरज आहे याचा अर्थ बापावाचून सगळं अधुरं, असा नाही. घरात दोन माणसं असताना एकाच्याच पाठीवर ओझं का, इतका साधा तो मुद्दा आहे. आणि दुसऱ्या माणसाचंही काही जात असतं. २०१०मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गरोदरपण आणि बाळाचं पहिलं वर्ष या काळात सुमारे दहा टक्के बापांमध्ये नैराश्य आढळलं. आपल्याकडे बाळंतिणीच्या मनाबद्दल आता कुठे बोललं जाऊ लागलंय. बापाला कोण विचारणार?

मग बापाला वेळ द्यायचा कसा? नुसती रजा देऊन भागत नाही, हे स्वीडनला अनुभवातून कळलं. १९७४ साली त्या देशाने बाळंतपणाच्या रजेची पालकरजा केली, आई किंवा बाप कोणीही घ्यावी अशी. सरकारने जाहिराती केल्या. एका फलकावर लेनार्ट डालग्रेन हा आडदांड वेटलिफ्टर तान्हं बाळ हातात घेऊन हसत उभा होता. लोकांना तो आवडला. रजा मात्र आयाच घेत राहिल्या. कारण सोपं होतं. रजा कोणीही घ्यावी असं म्हटलं की घरात हिशेब होतो, कोणाचा पगार कमी? बहुतेक वेळा तिचा. वर साहेब विचारतो, "बायको आहे ना घरी?" याला बापाकडे उत्तर नसतं.

नॉर्वेने १९९३मध्ये उत्तर शोधलं. चार आठवडे फक्त बापाचे. घेतले तर घेतले, नाही तर बुडाले, आईला मिळणार नाहीत. त्याआधी रजा घेणारे बाप शेकड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, काही वर्षांतच बहुसंख्य बाप ती घेऊ लागले. स्वीडनने १९९५मध्ये एक महिना राखीव केला, २००२मध्ये दोन आणि २०१६पासून ९० दिवस. एकूण रजा ४८० दिवसांची. आज तिथल्या पालकरजेतले जवळपास तीस टक्के दिवस बाप घेतात. दुसरी कळ पैशाची. रजेतला पगार मालक स्वतःच्या गल्ल्यातून देत नाही, सामाजिक विमा देतो. त्यामुळे कोणाला कामावर ठेवलं तर किती भुर्दंड बसेल, हा हिशेबच मालकाला करावा लागत नाही.

जपानची गोष्ट उलटी आहे. कागदावर तिथल्या बापांची रजा जगातल्या सर्वांत उदार रजांपैकी एक होती, वर्षभराची. २०१९मध्ये ती घेणारे बाप साडेसात टक्केही नव्हते. कचेरीत सगळे थांबलेले असताना उठून कोण जाणार? २०२२पासून कंपन्यांवर बंधन आलं की बाळ होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला बोलावून रजेबद्दल विचारायचं. म्हणजे बापाने तोंड उघडायची वाट बघायची नाही. २०२३मध्ये आकडा तीस टक्क्यांवर गेला.

आता आपलं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन अपत्यांसाठी. चांगलंच झालं. पण जिथे कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू नाही तिथे हा पगार मालकच देतो, आणि खासगी नोकरीतल्या बापासाठी देशाच्या कायद्यात रजा शून्य. मुलाखतीला तरुण मुलगा आणि तरुण मुलगी समोर बसली की मालकाला काय दिसतं? एकाला बाळ झालं तर काही फरक नाही, दुसरीला झालं तर सहा महिने. बापाला रजा नसण्याची किंमत अशी आईच्या नोकरीतून वसूल होते.

हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७मध्ये लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक मांडलं होतं. सर्व क्षेत्रांतल्या बापांना १५ दिवस, वाढवून तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि खर्चासाठी कर्मचारी, मालक आणि सरकार यांच्या वर्गणीतून निधी. निधीची कल्पना महत्त्वाची होती, कारण स्वीडनची दुसरी कळ तीच. मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या खासगी विधेयकांचं सहसा होतं तेच त्याचंही झालं, ते मंजूर झालं नाही. सातव २०२१मध्ये गेले.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. एकट्या बापाला, म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित पालकाला, बालसंगोपन रजाही मिळते. महाराष्ट्र शासनाची १८० दिवसांची बालसंगोपन रजा महिलांना आहे, आणि पुरुषांपैकी ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे त्यांना. तरतूद माणुसकीची आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. तरी त्यामागचा समज बघा. बायको धडधाकट असेल तर बापाला बालसंगोपनाशी काय करायचंय?

हा समज किती खोल आहे ते क्रिकेटमध्ये दिसतं. १९७६ साली सुनील गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना त्यांना मुलगा झाला. तिथून संघ परस्पर वेस्ट इंडिजला गेला आणि त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं ते दौरा आटोपल्यावर. त्या काळात यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. २०२०च्या डिसेंबरात विराट कोहली ॲडलेडची कसोटी खेळून बाळंतपणासाठी परतला, तेव्हा मात्र देशभर वाद झाला. संघ नुकताच ३६ धावांत गारद झालेला, त्यामुळे तेल ओतायला निमित्तही होतं. उरलेली मालिका अजिंक्य रहाणेने जिंकून दिली, हे वाद घालणाऱ्यांच्या नशिबी आलं.

आता संसार मोडतो तेव्हाचं. कुटुंब न्यायालयाच्या आवारात बापांची तक्रार कायम ऐकू येते: मूल आईकडेच जातं, आम्हाला भेटीचे चार तास. तक्रारीत तथ्य आहे. भेटीचा आदेश होऊनही मूल आणलंच जात नाही, असंही घडतं, आणि तो मुलावरचाच अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात २०२०मध्ये स्पष्ट म्हटलं की आई-वडील दोघांच्या प्रेमावर मुलाचा हक्क आहे. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला पुरेशा भेटी मिळाल्या पाहिजेत, आणि आई-वडील दूरदूर राहत असतील तर व्हिडिओ कॉलवरचा नियमित संपर्कही.

पण ताबा ठरवताना न्यायाधीश बघतात मुलाचं हित, आणि हिताचा मोठा भाग म्हणजे रोजचं चाललेलं आयुष्य न मोडणं. उठवतं कोण, डबा कोण भरतं, दवाखान्यात कोण नेतं, शाळेच्या सभेला कोण जातं? यांची उत्तरं लग्न टिकलं होतं तेव्हाच ठरून गेलेली असतात. तेव्हा सहीपुरता राहिलेला बाप आता भेटीपुरता होतो. संयुक्त ताबा कायद्यात यायलाच हवा. पण पहिली पाच वर्षं दुसऱ्यावर सोडलेल्या बापाला तो कायदाही कितपत तारेल, याबद्दल मला शंका आहे.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे त्याचं काय करता येईल? केंद्राच्या १५ दिवसांच्या रजेचा नियम असा की ती बाळंतपणाच्या आधीच्या १५ दिवसांत किंवा नंतरच्या सहा महिन्यांत घेता येते. त्या मुदतीत न घेतल्यास ती बुडते, आणि दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्यांनाच ती मिळते. बरेच जण ती बाळ जन्मतं त्याच आठवड्यात उडवतात, जेव्हा दवाखान्यात आधीच आठ माणसं असतात आणि बापाचं काम औषधांच्या दुकानात फेऱ्या मारण्याइतकंच असतं. तेवढ्याला दोन दिवसांची किरकोळ रजा पुरते. पंधरा दिवस राखून ठेवावेत ते आई बाळाला घेऊन माहेराहून परतते तेव्हासाठी. तोवर सहा महिने झालेले नसतात, पण तारीख मोजून अर्ज आधीच द्यावा. त्या पंधरा दिवसांत आजीला मुद्दाम बोलावू नये, आणि दिवसाचे काही तास आईने घराबाहेर पडावं, बँकेत, मैत्रिणीकडे, कुठेही. फोन आला तरी लगेच परतू नये. खासगी नोकरीत कंपनीचं स्वतःचं धोरण असेल तर ते बघावं, नसेल तर साठलेली हक्काची रजा याच दिवसांसाठी ठेवावी. दुसरं बाळंतपण पुष्कळदा सासरीच होतं. तिथे पहिल्या दिवसापासून बापाला एक काम संपूर्ण द्यावं, उदाहरणार्थ बाळाची आंघोळ किंवा रात्रीचं एक दूध, आणि ते तो करत असताना खोलीत कोणी सल्ला द्यायला थांबू नये.